पिशवीतला इन्स्पेक्टर

दातांच्या त्या लॅबमध्ये इन्स्पेक्टरला कुणीही पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ठाम मत नाही असा तिथे एकही माणूस नव्हता.

लॅब म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाची लांबट खोली. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून साचे व्हायचे, साच्यावर मेण, मेणात दात, आणि शेवटी चकचकीत कवळी डबीत बसून परत जायची. प्लास्टरची पांढरी धूळ सगळ्यावर बसायची. खिडकीवर, चहाच्या कपांवर, माणसांच्या भुवयांवर. मोबाईलवर बसू नये म्हणून तो कापडी पिशवीत घालून खिळ्याला टांगायचा, ही इथली रीत. दुपारच्या चहानंतर पिशवीतून मालिका सुरू व्हायची. हात मेणात, डोळे दातांवर आणि कान पिशवीकडे.

मालिकेत एक इन्स्पेक्टर होता. दिवसभर चोर पकडायचा आणि शेवटी घरी येऊन बायकोला म्हणायचा, "तर आज काय झालं, ऐक." मग सगळा दिवस सांगायचा. बायको एक अक्षर बोलत नसे.

"मुकी आहे बिचारी," मेणाच्या टेबलावरच्या बाई म्हणायच्या. त्यांना सगळे मेणताई म्हणत. "लग्न ठरवताना फसवलं असणार त्याला."

"मुकी कसली! फुरंगटून बसलीय," पॉलिशवाला म्हणायचा. "मेव्हण्याच्या लग्नाला गेला नसेल हा. ड्यूटी, ड्यूटी!"

"तुला सगळीकडे मेव्हणाच दिसतो. तुझा तुला भोवलाय म्हणून?"

"माझ्या मेव्हण्याला मध्ये आणायचं नाही, ताई!"

इन्स्पेक्टर लंगडतो का, यावरही एकदा खूप रण माजलं होतं, कारण बुटांचा एक आवाज मोठा आणि एक बारीक यायचा. त्याला मूल आहे की नाही, हा वाद तर उन्हाळाभर पुरला.

काका त्यात फारसे पडत नसत. काका म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने कारागीर. कवळी अशी बसवायचे की ती खोटी आहे हे माणूस विसरून जाई. फक्त बायकोचा विषय निघाला की ते मान वर करत.

"अबोला आहे तो," ते म्हणायचे. "कप दोन ठेवतो तो, आवाज येतो ना? म्हणजे ती समोर बसते, चहा पिते. आज ना उद्या बोलणार ती."

"तुम्हाला काय पडलंय हो एवढं?"

काकांना पडलं होतं. त्यांच्या घरी गेल्या वर्षापासून तेच चाललं होतं.

लेकीच्या सासरी सगळे जमले होते. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "सूनबाईचं हसू अगदी आईवर गेलंय." काकू सुखावून हसल्या. त्यांचे दात काकांनी बसवलेले होते, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं. अशा वेळी माणूस गप्प बसतो. पण काकांमधला कारागीर गप्प बसला नाही. "हे हसू माझ्या हातचं आहे!" ते म्हणाले. "वरची आणि खालची, दोन्ही. नीट बघा, कळतंय का कुठे!"

सगळ्यांनी खरंच नीट बघितलं.

काकूंनी तोंड मिटलं ते काकांपुरतं कायमचं. शेजारणीशी बोलत, फोनवर लेकीशी बोलत, भाजीवाल्याशी घासाघीस करत. काका घरात शिरले की शब्द संपायचे. ताट वाढलेलं असायचं, कपड्यांच्या घड्या असायच्या, आवाज तेवढा नसायचा. काकांनी "चुकलं माझं" असं दोन-चारदा दारातून म्हणून पाहिलं. ते शब्द दारातच राहिले.

मग त्यांना पिशवीतला माणूस सापडला. हा माणूस चिडत नाही, गयावया करत नाही, फक्त रोज घरी येऊन दिवस सांगतो. काकांना ते पटलं. ते संध्याकाळी स्वतः चहा करू लागले, एक कप काकूंपुढे ठेवून म्हणू लागले, "तर आज काय झालं, ऐक." मग मेणताई काय म्हणाल्या, कुणाच्या कवळीचा दात तिरका गेला, सगळं. काकू भाजी निवडत राहायच्या. काका उठून गेल्यावर कप रिकामा व्हायचा, एवढं काकांना पुरत होतं. म्हणून इन्स्पेक्टरची बायको मुकी निघून चालणार नव्हतं. ती बोलायला हवी होती.

एका दुपारी डब्या पोचवणारा माणूस आला नाही, आणि डॉक्टरांना कवळी त्याच दिवशी हवी होती. काका स्वतः घेऊन गेले. दवाखान्यात बाकावर सुजल्या गालांची माणसं बसली होती आणि भिंतीवर टीव्ही चालू होता. ओळखीचा आवाज आला, "तर आज काय झालं, ऐक." काकांनी मान वर केली.

इन्स्पेक्टर त्यांना वाटला होता त्याहून बुटका होता. त्यानं एक कप स्वतःपुढे ठेवला आणि दुसरा टेबलावरच्या एका चौकटीपुढे. चौकटीत एका बाईचा फोटो होता.

"ही कोण?" काकांनी डबी घेणाऱ्या मुलीला विचारलं.

"त्याची बायको. दुसऱ्याच भागात गेली ना ती. आजारानं."

"पहिल्या भागात," बाकावरचा एकजण गाल धरूनच म्हणाला. "आणि आजार कसला? गाडीखाली."

"आजारानं हो! दवाखाना दाखवला होता."

"गाडीखाली आलेल्याला दवाखान्यातच नेतात!"

"म्हणजे ती बोलणार नाही?" काकांनी विचारलं.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. "काका, फोटो कसा बोलेल?"

लॅबमध्ये मालिका मधूनच सुरू झाली होती. पहिले भाग कुणी ऐकलेच नव्हते.

काका थेट घरी गेले. सवयीनं चहा केला, कप ठेवला, समोर बसले. पुढचं वाक्य तोंडातून येईना. मेलेल्या बाईशी बोलायची तऱ्हा आपण वर्षभर जिवंत बाईवर वापरली, एवढंच डोक्यात फिरत होतं. काकू शेंगा मोडत होत्या. चहावर साय धरली.

"आज काय झालं?"

काकांनी दाराकडे पाहिलं. कुणी आलं की काय?

"तुम्हालाच विचारतेय. इन्स्पेक्टरला सुट्टी वाटतं आज?"

"तू... तू बघतेस ते?"

"पहिल्या भागापासून. पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच ओळखलं. म्हटलं, वा! जिवंतपणी फोटोत बसवलं मला. कप ठेवायचा, बोलायचं, उठायचं. तुझं कसं चाललंय, हे एकदा तरी विचारलंत?"

"अगं, फोटो आहे हे माहीतच नव्हतं आम्हाला! मोबाईल पिशवीत असतो. धूळ बसते म्हणून..."

काकांनी पिशवी सांगितली, खिळा सांगितला, मेणताईंची मुकी बाई आणि पॉलिशवाल्याचा मेव्हणा सांगितला. काकूंनी आधी ओठ दाबले, मग तोंडावर पदर धरला, मग पदरही सुटला. हसता हसता त्यांनी गाल धरला.

"काय झालं?"

"खालची टोचते. डाव्या बाजूला. पावसाळ्याआधीपासून."

"मग सांगायचंस ना!"

"कुणाला?"

काकांनी कप बाजूला सारून विचारलं, "जेवताना फार दुखतं?"

काकू उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा गाल आत गेले होते आणि हातात रुमालाची पुरचुंडी होती. तसा चेहरा त्यांनी काकांना कधी दाखवला नव्हता. पुरचुंडी त्यांनी काकांच्या हातात दिली आणि तोंडावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काका सकाळी लवकर लॅबमध्ये जाऊन ती कवळी घासायला बसले, पण ते काम घाईचं नव्हतं. डाव्या कडेला केसभर घासून घ्यायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घ्यायचं. तोवर पॉलिशवाला मागे येऊन उभा राहिला.

"ही कुठल्या डॉक्टरची? डबीवर नाव नाही."

"लागत नाही नाव."

त्यानं कवळी उचलून उजेडात धरली. "काय बारीक काम आहे, काका! दाताची ठेवण बघा. खोटी आहे हे कुणाच्या बापाला कळणार नाही. कुणाच्या हातची हो?"

मेणताई खिळ्यावरची पिशवी सारखी करत होत्या. काकांनी कवळी त्याच्या हातातून काढून घेतली, रुमालात गुंडाळली.

"असेल कुणाच्या तरी," ते म्हणाले.