दमसर आणि महिन्यातले चार दिवस

दमसरांना स्वतःला दम नव्हता. मैदानावरून कॉलेजच्या चार पायऱ्या चढल्या तरी ते खांबाला धरून उभे राहत. गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे शिट्टीही आमच्यातलीच एखादी वाजवायची. तरी दिग्रसच्या आमच्या कॉलेजात मुलींची कबड्डी तेच शिकवत आणि 'दम' हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारत, म्हणून हे नाव.

त्यांचा माझ्यावर एक उपकार आहे, तो आधीच सांगून टाकते. मी बारावी झाले तेव्हा ते आमच्या तांड्यावर आले, बाजेवर बसले आणि बाबांना म्हणाले, "राठोड, पोरगी चांगली चढाई करते. तीन वर्षं मले द्या." बाबांनी दिली. माझं लग्न लांबलं, खेळ वाचला. त्यानंतर मात्र सर मला विकत घेतल्यासारखे वागले.

चढाईला जायचं म्हणजे एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पलीकडे शिरायचं आणि तो तुटायच्या आत परतायचं. एरवी मला ते सहज जमे. पण पाळीच्या दोन-तीन दिवस आधीपासून पहिल्या दिवसापर्यंत छातीत सूं-सूं वाजायचं, श्वास आत ओढायलाच जोर लागायचा. धीर करून मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "छाती इकडे, पोट तिकडे. त्याचा याच्याशी काय संबंध? दम मनात असते. हे पोरी-पोट्ट्यांचे नखरे हायेत." शरीराविषयी त्यांचं ज्ञान एवढंच होतं, आणि निवृत्तीपर्यंत त्यांना ते पुरलं.

यवतमाळला जिल्ह्याचा अंतिम सामना नेमका त्याच दिवसांत आला. मी म्हटलं, "सर, आज दुसरीला पाठवा."

"काहून? मेली काय तू?" म्हणत त्यांनी मला पाठीत धक्का देऊन मैदानात ढकललं.

तिसऱ्या चढाईत दम तुटला. पंचांनी बाद दिलं. मी रेषेपर्यंत आले आणि तिथेच बसले. श्वास आत जाईना, बाहेर येईना. आमची कर्णधार सुनीता मला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली. सर आले नाहीत. ते पंचांशी भांडत होते.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी श्वास मोकळा केला, मग विचारलं, "हे महिन्यातून कधी होतं?" हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्यांनी काटा असलेली एक फुंकायची नळी दिली. रोज सकाळी फुंकायचं, काटा कुठे जातो ते लिहायचं, पाळीची तारीखही लिहायची. दोन महिन्यांची वही पाहून त्या म्हणाल्या, "एरवी साडेतीनशे, आणि त्या दिवसांत अडीचशे. तुला दमा आहे. पाळीच्या सुमारास शरीरातले हार्मोन्स वर-खाली होतात, तेव्हा काही जणींच्या श्वासनळ्या आवळतात, श्वास ओढणाऱ्या स्नायूंचा जोरही कमी पडतो. सगळ्यांचं असं होत नाही. तुझं होतं." त्यांनी तोंडाने औषध ओढायचा पंप दिला, तो कसा घ्यायचा ते शिकवलं.

मी भाबडी. ती वही सरांना नेऊन दाखवली. वाटलं, आता तरी पटेल. सरांनी ती सगळ्या संघासमोर उघडली आणि माझ्या पाळीच्या तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या. पलीकडे मुलांचा व्हॉलीबॉल चालला होता, तो थांबला. "बाईचं पंचांग घेऊन राह्यली हे," सर म्हणाले आणि एकटेच हसले. मुली खाली बघत होत्या.

संध्याकाळी बसस्टँडवर सुनीता आणि आणखी दोघी माझ्याजवळ आल्या. सुनीता हळूच म्हणाली, "त्या नळीनं माझंबी पाहशील का?" पुढचे दोन महिने आम्ही चौघींनी आपापलं लिहिलं. त्या दोघींचा काटा जागचा हलला नाही. सुनीताचा माझ्यासारखाच खाली यायचा, आणि तीन वर्षं तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

पंप वेळेवर घेऊन मी पुढे विद्यापीठाच्या संघात खेळले. आता दारव्ह्याला मुलींना शिकवते. माझ्याकडची प्रत्येक मुलगी स्वतःची वही स्वतःजवळ ठेवते. मला दाखवायची की नाही, ते ती ठरवते.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाला मला मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. गळ्यात हार घालून सर माईकपुढे उभे राहिले, माझ्याकडे बोट दाखवलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, "या राठोडले मी घडवलं. हिले मी कधी पोट्टी समजलोच नाही."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. इतकं खरं सर पहिल्यांदाच बोलले होते.