जपानहून आणलेला क्षय

"फक्त उजव्या फुप्फुसात आहे," डॉक्टर म्हणाले. ते मला त्यातल्या त्यात बरी बातमी देत होते, हे कळायला मला वेळ लागला. मग त्यांनी कागदावर इंग्रजीत एक लांब शब्द लिहून दाखवला. ट्युबरक्युलोसिस. म्हणजे क्षय. माझ्या थुंकीत त्याचे जंतू सापडले होते. त्यांनी मलाही सूक्ष्मदर्शकात डोकावायला लावले. निळ्यावर बारीक तांबड्या रेघा दिसल्या. एवढ्याशा रेघांनी माणूस मरतो हे मला खरे वाटले नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. रशिया-जपान लढाईनंतर आपल्याकडची काही मुले धंदे शिकायला जपानला जात असत, त्यांतला मी एक. चिचगडच्या जंगलात सावरीचे लाकूड भरपूर, तेव्हा गोंदियाला काडेपेट्यांचा कारखाना काढायचा, असे ठरवून निघालो होतो. घरी, गोंदियाजवळच्या फुलचूरला, आई होती आणि पंधरा वर्षांची बायको, गिरजा. ती चिचगडचीच.

आजाराची सुरुवात साधी होती. संध्याकाळी अंग कोमट व्हायचे. पहाटे सदरा घामाने भिजलेला असायचा. जेवण उतरत नव्हते, ते मी तिकडच्या अन्नावर ढकलले. खोकल्याचे खापर मी शिकत होतो त्या कारखान्यातल्या गंधकावर फोडले. तीन महिने असे गेले. कोणाला अशी लक्षणे दिसली तर त्याने तीन महिने घालवू नयेत.

समुद्रकाठी क्षयाच्या रोग्यांसाठी एक इस्पितळ होते. त्याला सॅनिटोरियम म्हणतात. तिथे औषध फारसे नसते. उघडी हवा, दूध, अंडी, माशाचे तेल आणि पडून राहणे. मी सात महिने पडून राहिलो. दर सोमवारी वजन करत. आठवडा त्या सोमवारसाठीच काढायचा. शेजारच्या खाटेवरचा शिंपी वजन वाढलेले दिसावे म्हणून खिशात खडे घालून काट्यावर चढायचा. नर्सला ते माहीत होते. ती आधी त्याचे खिसे उलटे करायची आणि सगळे हसायचे. थंडीत तो गेला.

तिथे माझा वाडगा वेगळा होता. त्यावर खूण होती. तो दुसऱ्या भांड्यांत मिसळत नसत, रोज उकळत. थुंकायला झाकणाचे भांडे होते. नर्स तोंडाला फडके बांधून यायची. मला ते फार लागले. आमच्या गावात कोणाला अंगणाबाहेर बसवून वरून वाढतात, ते मी लहानपणापासून पाहिले होते आणि त्यात मला कधी काही वावगे वाटले नव्हते. आता ते आपल्या वाट्याला आले असे मला वाटले. हा विटाळ नाही, ही काळजी आहे, असे डॉक्टरांनी दोनदा समजावले. मी मान हलवली, पण मनाने ऐकले नाही.

निघताना ते म्हणाले, "तुझा रोग झोपला आहे. मेलेला नाही. तो उठला तर आधी घरच्यांना धरेल." त्यांनी सूचनांचा कागद दिला. ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळे, उघड्यावर थुंकायचे नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. रंगूनच्या अलीकडे मी तो फाडून समुद्रात टाकला. घरी पत्रांत मी हिवताप झाल्याचेच लिहिले होते.

घरी वेगळाच घोर लागलेला होता. समुद्र ओलांडल्यामुळे जात मला पंगतीत घेईना. पंचांनी शुद्धी सांगितली, ती झाली. मग जेवण घातले. तरी काही जण कुजबुजत होते. तेव्हा आईने सगळ्यांसमोर गिरजेला हाक मारली आणि माझ्या उष्ट्या ताटात जेवायला बसवले. बायको उष्टे खाते, म्हणजे नवरा शुद्ध झाला. कोणाला आता बोलायला जागा उरली नाही. आई आनंदाने रडत होती.

गिरजेने ताट ओढून घेतले तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मला बोलता आले असते. बोललो असतो तर मला क्षय आहे हे त्या पंगतीत सगळ्यांना कळले असते. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

पुढे ते रोजचेच झाले. आज डॉक्टर सांगतात की हा रोग ताटापेक्षा खोकल्यातून जास्त पसरतो. म्हणून माझा दोष कमी होत नाही. मी रात्रंदिवस तिच्याजवळ खोकत होतो. हिवाळ्यात माझा रोग उठला होता, मी तो सर्दी म्हणून लपवला. उन्हाळ्यापर्यंत तो बसला. माझा खोकला गेला आणि तिचा सुरू झाला.

तिचे ते कोमट अंग मी ओळखले. पहाटेचा घाम ओळखला. एकदा चुलीपुढे बसून तिने विचारले, "तुमाले तिकडं का झालं होतं जी?"

मी म्हणालो, "हिवताप."

ती भाकर थापत राहिली. पुन्हा विचारले नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती ठोकून पाहिली आणि घरात कोणाला क्षय होता का, असे मला विचारले. मी नाही म्हणालो. मग आई म्हणाली, "हिचा आजा लय खोकलत होता. माहेरूनच आनला हिनं." तो म्हातारा तंबाखूच्या चोंग्या ओढून खोकायचा, हे मला माहीत होते. मी गप्प बसलो. तिला बैलबंडीत घालून चिचगडला माहेरी पोचवले. पाच महिन्यांनी ती तिथेच वारली. मी एकदाच भेटायला गेलो आणि दारात बसून परत आलो.

त्यानंतर त्या घरात क्षय आहे असे सगळीकडे झाले. तिच्या धाकट्या बहिणीचे, भागरथेचे, जुळलेले लग्न मोडले. शेवटी तिला म्हाताऱ्या बिजवराला दिली. मी दुसरे लग्न केले नाही. लोक त्याला माझे प्रेम समजले, तेही मी समजू दिले. कारखाना कधी निघालाच नाही.

गेल्या महिन्यात भागरथा फुलचूरला माझ्याकडे आली. तिच्या भावाची मुलगी कोहमाऱ्याला द्यायची होती. तिकडच्यांनी तीच जुनी गोष्ट काढली. भागरथा म्हणाली, "तुमी त्या घरचे जवाई. तुमी सांगा का आमच्या घरात रोग नोता. आमचं कोनी आयकत नाही."

मी तिला सगळे सांगितले. सांगायला अर्धा तासही लागला नाही.

"बाईले मालूम होतं?" तिने विचारले. बाई म्हणजे गिरजा.

तिने एकदा विचारले होते आणि मी हिवताप म्हणालो होतो, हे मी सांगितले.

"मंग मालूम होतं तिले," भागरथा म्हणाली. "मरताना मले जवळ नोती येऊ देत. मनायची, दूर बस. माझ्या भांड्याले हात लावू नोको. आमाले वाटे, बाई कायले रागावून राहिली."

मी उपरण्याने डोळे पुसू लागलो. ती उठली, पदर खोचला. "रडनं मंग. आदी कोहमाऱ्याले चाला."

आम्ही गेलो. मुलाच्या आजोबांसमोर आणि चार बसलेल्या माणसांसमोर मी सांगितले. एक जण म्हणाला, "चाळीस वर्ष काऊन चूप होते?" भ्यालो होतो, एवढेच म्हणालो. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तोंडाचं कोन धरते, बापा? लिहून द्या. जे जे आयकून बसले, त्या साऱ्यायनं वाचलं पायजे."

म्हणून हे लिहिले. याच्या प्रती गोंदियात, देवरीत, चिचगडात वाटायच्या आहेत. ज्याच्या घरी क्षय असेल त्याने रोग्याचे ताट-अंथरूण वेगळे करावे आणि त्याचे कारण रोग्याला नीट समजावून सांगावे, म्हणजे त्याला ते हाकलणे वाटणार नाही. रोग्याने आपल्या रोगाचे नाव स्वतः सांगावे. माझ्यापाशी ते धैर्य नव्हते. अठरा वर्षांच्या त्या मुलीपाशी होते. तिने शेवटच्या दिवसांत आपल्या बहिणीला वाचवले.

चिचगडच्या त्या घरात क्षय कधीच नव्हता. गिरजा आमच्या घरी आली तेव्हा तिची छाती स्वच्छ होती.