एकदाच विचारलं

मध्य जावातल्या आमच्या गावात कुणी चहा पुढे केला की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. दुसऱ्यांदा नुसतं हसायचं. तिसऱ्या आग्रहाला पेला उचलायचा. पहिल्याच हाकेला हात पुढे करणारा आमच्याकडे हावरट ठरतो. नदीपलीकडच्या वाडीतल्या बू पाइनेमला, म्हणजे पाइनेमबाईला, हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाजारात सोयाबीन आंबवून केलेलं तेंपे विकायला बसली तरी भाव सांगताना ती लाजायची.

नवा कायदा आला तेव्हा गावाला केवढं अप्रूप! आता वरून हुकूम सुटणार नाहीत, गावाचा आराखडा गावच ठरवणार, बायकांनाही सभेत मान मिळणार. पलीकडच्या वाडीतर्फे सभेत बोलायला पाइनेमचं नाव गेलं. वाडीला एकच गोष्ट हवी होती, पूल. बांबूचा साकव पुरात वाहून गेला होता, पाइनेमची सून रातमी पोटुशी होती आणि दवाखाना नदीच्या अलीकडे.

"सभेत नीट सांगा हं, आई," रातमी म्हणाली.

"सांगणार गं. त्यासाठीच तर चाललेय."

तालुक्याचे तरुण साहेब भिंतीवर भला मोठा कागद लावून उभे होते. पाइनेमच्या वाडीचा नंबर लागला.

"बू पाइनेम, तुमच्या वाडीला काय हवंय?"

पाइनेम ओढणी सावरत हसली. "छे हो साहेब, आमचं कसंही चालतंय. आधी इतरांचं बघा."

जुने गावप्रमुख असते तर म्हणाले असते, "अहो, लाजता काय? सांगा." आणि मग पुन्हा एकदा. ते काही संत नव्हते, मनाला येईल ते करायचे. पण आपली माणसं बोलतात कशी, एवढं त्यांना कळायचं. साहेबांनी कागदावर 'मागणी नाही' असं लिहिलं, तिचे आभार मानले आणि पुढच्या वाडीकडे वळले. पाइनेम सभा संपेपर्यंत बसून राहिली, ते पुन्हा विचारतील म्हणून. पूल हवाय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या मध्ये बोलणं म्हणजे उद्धटपणा, तेव्हा सगळे मुके. आग लागो असल्या सभ्यपणाला!

त्या वर्षी आराखड्यातून वेशीवर कमान उभी राहिली, छान रंगवलेली.

ऐन पावसात रातमीला कळा सुरू झाल्या. नदी फुगलेली. चौघांनी तिला खुर्चीत बसवून डोंगराच्या वळशाने आणलं, त्याच कमानीखालून. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. मुलगी होती.

पुढच्या सभेला पाइनेम रातमीला घेऊन गेली. साहेबांनी वाडीचं नाव घ्यायच्या आतच उठली.

"आम्हाला पूल हवाय. आत्ता लिहा, माझ्यासमोर. मागच्या खेपेला तुम्ही एकदाच विचारलंत, आणि माझी नात गेली."

साहेब खाली मान घालून लिहायला लागले. पूल आराखड्यात आला. सभेत मात्र कुजबुज सुरू झाली.

"काय बाई ही! किती बदलली!"

"चारचौघांत असं मागायचं? लाज म्हणून काही?"

पाइनेम उभीच होती. रातमीने तिची ओढणी धरून खाली ओढली.

"बसा ना, आई," ती हळूच म्हणाली, "लोक काय म्हणतील?"