वासूदादाचं लाटणं

"चालवणारा थकला, दुरुस्त करणारा गेला. आता ती मोटार ठेवायची कशाला?"

भाऊकाका ओसरीवर बोलत होते आणि मी आत चहा गाळत होते. भाऊकाका म्हणजे माझ्या आत्याचे दीर. वासूदादाला जाऊन महिना होत आला होता आणि ते चौकशीला आले होते. अण्णांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, उत्तर दिलं, "सुरू झाली तर राहील."

"आणि नाही झाली तर?"

"तर बोलाव तुझा भंगारवाला."

मी कप बाहेर नेऊन ठेवले आणि परत आत आले. बोलायचं खूप होतं. पण ते ओठांपर्यंत येऊन थांबायचं, हे माझं लहानपणापासूनचं आहे. मुंबईत मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे हळू बोलण्याचाच पगार मिळतो. वासूदादा गेल्याची तार आली तीही तिथेच. कावीळ झाल्याचं पत्र आदल्या आठवड्यात आलं होतं, मी त्याला उत्तरही लिहायला घेतलं होतं... तार वाचून मी पुस्तकं जागेवर लावली आणि कुणाला न सांगता एस.टी. स्टँड गाठला.

वासूदादा माझा आतेभाऊ. आठव्या वर्षी त्याला विषमज्वर झाला आणि त्यात कान गेले. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नसे, डाव्याने अगदी जवळ जाऊन मोठ्याने बोललं तर थोडं. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी वडिलांची बदली दिल्लीला झाली आणि तिकडे घर मिळेपर्यंत मला पनवेलला आत्याकडे ठेवलं. माझी शाळा इंग्रजी. हळू बोलणं म्हणजे सभ्यपणा, असं तिथे शिकवलेलं. त्यातून माझं मराठी ऐकून आळीतल्या मुली "मडमीण आली, मडमीण" म्हणून हसत. म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. आत्या शेजारणींना सांगायची, "एकीला बोलवत नाही, एकाला ऐकू येत नाही. माझ्या घरात किती शांतता आहे बघा!"

त्याच उन्हाळ्यात ती मोटार आली. करंजाड्याच्या बाजूला एका शेठचं मिठागर होतं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून त्यांनी आपली विलायती मोटार चिंचेखाली उभी केली, ती वर्षानुवर्षं तशीच राहिली. वासूदादा तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. तो मिठागरावर जाऊन तासन्‌तास तिच्याकडे बघत बसे. शेवटी शेठच म्हणाले, "घेऊन जा. दसऱ्यापर्यंत चालू केलीस तर तुझी. नाहीतर भंगारात."

अण्णांनी त्यावर आपली अट घातली. "दसऱ्यापर्यंत कर काय करायचं ते. नाही जमलं तर गिरणीत बसायचं." अण्णांची भाताची गिरणी होती. "गिरणीच्या धडधडीत सगळेच बहिरे. तिथे तुझं काही अडणार नाही." अण्णा हे वाईट मनाने म्हणाले नव्हते. जगात आपल्या मुलासाठी एक तरी जागा आहे, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. वासूदादाने मात्र त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

मोटार आणायला तो मला बरोबर घेऊन गेला, कारण मिठागरावर कोण काय बोलतं ते त्याला सांगायला कुणीतरी हवं होतं. तिथे रखवालदाराची बायको कमरेवर हात ठेवून उभी. "माजी कोंबरी बसलीय आतमंदी. पिल्ला निंगाल्याबिगर गारी नाय हालवाची." वासूदादा माझ्या तोंडाकडे बघू लागला. मी कसंबसं "पिल्लं..." म्हटलं आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं. फाटलेल्या गादीत कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि आमच्याकडे रागाने बघत होती. वासूदादा मनापासून हसला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो रोज जाऊन नुसती चाकं घासत राहिला. मग बैल जुंपून मोटार पनवेलात आणली, तेव्हा सगळी आळी दारात उभी. "वासू, चाबूक विसरलास की रे!" कुणीतरी ओरडलं. त्याला ते ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं.

मोटारीच्या पेटीत एक इंग्रजी पुस्तक होतं, अर्धं वाळवीने खाल्लेलं. ते वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पुटपुटायची आणि तो वैतागायचा. "तुझे ओठ हलतच नाहीत, नलू. मला कळणार कसं?" एकदा मी जीव एकवटून किंचाळले, तर त्याने डावा कान झाकला. "ओरडू नकोस. मोठ्याने बोल. ओरडलं की सगळ्यांचं बोलणं मला सारखंच वाटतं, रागावल्यासारखं." या दोहोंतला फरक मला कुणी कधी सांगितला नव्हता.

गणपतीच्या सुमारास इंजिन पहिल्यांदा खोकलं. त्या दिवशी त्याने आत्याचं पोळ्यांचं लाटणं स्वयंपाकघरातून पळवलं, एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं दातांत घट्ट धरलं. कितीतरी वेळ तो तसाच वाकून होता. मग लाटणं काढून मला म्हणाला, "आवाज येतोय... दातांतून येतोय." आत्या लाटणं मागायला आली होती, ती तशीच परत गेली. गिरणीत तो का जाणार नव्हता, ते मला तेव्हा कळलं. तिथे त्याचं अडलं नसतं हे खरंच. पण तिथे त्याला काही ऐकूही आलं नसतं.

मोठे आवाज त्याला दातांतून कळत, बारीक कळत नसत. त्यासाठी माझे कान. त्याच लाटण्याचं टोक मी कानाला लावायची. यंत्रातले शब्द मला मराठीत येत नव्हते, म्हणून मी स्वयंपाकघरातले वापरले. जातं फिरतंय. कढी उकळतेय. आणि झडपेची फट वाढली की टक-टक असा कोरडा आवाज येई, तो अडकित्ता. आत्या दुपारी सुपारी कातरायची, अगदी तसाच. मग वासूदादा पान्हा फिरवायचा आणि फट मोजायला पत्र्याची पातळ पट्टी तिच्यात सरकवायला मला सांगायचा, कारण माझी बोटं बारीक.

दसऱ्याला मोटारीला झेंडूच्या माळा घातल्या. शेठ आले, भाऊकाका आले, आळी तर होतीच. वासूदादाने हँडल मारलं आणि दुसऱ्या झटक्याला मोटार सुरू झाली. टाळ्या, आरडाओरडा. त्या सगळ्यात तो मोटारीकडे बघत नव्हता. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. आणि मला अडकित्ता ऐकू येत होता. इतक्या माणसांपुढे माझ्या तोंडातून शब्द निघेना. मी पदराआडून दोन बोटांनी सुपारी कातरल्यासारखं केलं. त्याने वाकून इंजिन बंद केलं.

"अहो, चालू झालेली मोटार बंद केली याने!" भाऊकाका म्हणाले.

"वासू, शेठ उभे आहेत," अण्णा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले.

"अजून बरोबर नाही," एवढंच बोलून त्याने पान्हा घेतला. शेठ ओसरीवर टेकले. लोक सोनं वाटायला पांगले, परत आले, तरी आम्ही वाकलेलेच. दुसऱ्यांदा हँडल मारलं तेव्हा शेठ उठून जवळ आले, कान पुढे केला आणि म्हणाले, "अरे, सुरू आहे ना? मला तर काहीच ऐकू येत नाही."

वासूदादाने त्यांचे ओठ वाचले. "मग आता बरोबर आहे," तो म्हणाला.

गिरणीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुण्याच्या रस्त्यावर त्याने शेड टाकली, ट्रक दुरुस्त करू लागला. आपली मोटार मात्र त्याने रस्त्यावर कधी चालवली नाही. मागच्याचा हॉर्न ऐकू येणार नाही म्हणून. त्यासाठी पन्नाशी ओलांडलेले अण्णा मोटार शिकले. अडलेल्या बाईला नेरे गावाहून इस्पितळात आणायचं असलं की अण्णा चालवत आणि वासूदादा शेजारी पाय मोटारीच्या तळाला दाबून बसे. इंजिन त्याला तळव्यांतून कळे. मी सुट्टीला आले की तो आधी हातात लाटणं द्यायचा आणि मग पाणी विचारायचा...

भाऊकाका आले त्या दिवशी चहा झाल्यावर सगळे वासूदादाच्या शेडमध्ये गेलो. अण्णा स्टिअरिंगवर बसले. आता त्यांची बोटं थरथरतात. भाऊकाकांनी हँडल मारलं, चार-पाच वेळा मारलं, आणि मोटार खोकत सुरू झाली. अण्णांनी सवयीने शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि मान वळवून घेतली.

"हिला काय सुरू म्हणायचं?" भाऊकाका घाम पुसत म्हणाले. "नुसता खडखडाट. ऐका की! मी उद्या माणूस पाठवतो."

आत्या कोपऱ्यातल्या फळीकडे गेली आणि तिने लाटणं आणून माझ्या हातात दिलं. एका टोकाला दातांच्या खुणा, इतक्या खोल की बोट बसावं. मी ते इंजिनावर टेकवलं आणि खुणांचं टोक कानाशी धरलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी दोन बोटं सवयीने हललीसुद्धा. पण ती खूण वाचणारं आता तिथे कुणी नव्हतं.

मी ओरडले नाही. मोठ्याने बोलले. "अण्णा, बंद करा. अडकित्ता वाजतोय, बाकी काही नाही. भाऊकाका, तो पान्हा द्या इकडे."