डावीकडून आली तर एनिड

एनिड गार्साइडसमोर बोलताना कोणी अडखळलं, की त्याचा पुढचा शब्द तिच्या ओठांवर तयार असे. चर्चमध्ये पाद्रीबुवा नुसते श्वास घ्यायला थांबले तरी मागच्या बाकावरून कुजबुज यायची. तिच्या नवऱ्याने, विल्फने, तिला लग्नाची मागणी घातली तेव्हा निम्मी मागणी तिनेच पुरवली, असं मी आमच्या थॉर्नसी गावभर सांगत असे. विल्फ हसायचा. एनिड म्हणायची, "निम्मी नाही रे, पर्सी. तो फक्त 'एनिड' एवढंच म्हणाला होता."

पर्सी म्हणजे मीच, पर्सी ऑडी. आमच्या गावचं थिएटर समुद्रात घुसलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला आहे. तिथे मी कपडेपट सांभाळायचो आणि एनिड प्रॉम्प्टर होती, नट अडला की विंगेतून त्याला ओळ सांगणारी. माझा उजवा कान तरुणपणीच एका युद्धाच्या नाटकातल्या तोफेने घेतला. तेव्हापासून त्या बाजूने बँड वाजला तरी मला पत्ता लागत नाही. गावातल्या भानगडी मी एकट्या डाव्या कानाने गोळा करतो. जे निसटतं ते पदरचं घालतो. तक्रार अजून कोणी केलेली नाही. उलट मूळ भानगडीपेक्षा माझीच बरी असते असं म्हणतात.

एनिडची खुर्ची डाव्या विंगेत. मांडीवर संहिता, खांद्यावर शाल, बाजूला पेपरमिंटची पुडी. नट पुढचं विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ती त्याच्या मानेवरून ओळखायची. बाहेरगावचा नवा नट आला, की जुनी मंडळी त्याला बाजूला घेऊन सांगत, "इथे अडलास तर घाबरू नकोस. डावीकडून आली तर एनिड. उजवीकडून आली तर ती ओळ घेऊ नकोस."

उजव्या विंगेत दोरखंड आणि वाळूच्या पिशव्यांशिवाय काही नव्हतं. नव्या पोरांना घाबरवायची गंमत, असं मी समजत होतो. मग एका प्रहसनात एक जाडा नट ऐन रंगात थांबला, त्याने मान उजवीकडे वळवली आणि अगदी शांतपणे प्रेक्षकांना म्हणाला, "फळ्यांखाली पाणी चढतंय." लोक खदाखदा हसले. एनिड हसली नाही. संहितेत ती ओळ नव्हती.

त्याच हिवाळ्यात समुद्राने धक्का मधोमध तोडला.

त्या दिवशी संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग व्हायचा होता. नायक होता अँब्रोज टिलट्सन. तेव्हा तो अगदी देखणा होता, आणि ते त्याला माहीतही होतं. तालमी झाल्या होत्या, तिकिटं संपली होती. फक्त नाटकाची शेवटची ओळ कोणी ऐकलेली नव्हती. आमच्यात तालमीत शेवटची ओळ म्हणत नाहीत. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक पुरं करायचं नाही. ते प्रेक्षक आल्यावरच पुरं व्हायचं. त्या ओळीच्या जागी नट काहीतरी बडबडतो. अँब्रोज म्हणायचा "टमटिटम", आणि आम्ही पडदा पाडायचो. दुपारी लाटा आल्या, प्रयोग गेला. अँब्रोज लंडनला जाऊन मोठा झाला. धक्का पुन्हा जोडला, पण ते नाटक पुन्हा कोणी लावलं नाही. शेवटची ओळ तशीच राहिली.

आणखी एक. त्या हिवाळ्यापासून एनिडने घराचं दार आतून लावणं सोडलं. विल्फ होता तेव्हाही, तो गेल्यावरही. ते अँब्रोजसाठी उघडं असतं, अशी बातमी मी पसरवली होती. एकदा मी तिला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "नाटक चालू असताना दारं लावत नाहीत, पर्सी." मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ.

इतकी वर्षं लोटल्यावर गावात, आमच्याच थिएटरात, पिक्चरवाले आले. गोष्ट अशी, की वृद्धाश्रमातले जुने नट बंद पडलेलं थिएटर पुन्हा उघडतात. अर्धं हसायचं, अर्धं डोळे पुसायचे. झाडून सगळी जुनी खोडं आणली होती. कॅमेऱ्यांपेक्षा काठ्या जास्त. सकाळी चेहऱ्याला रंग लावायच्या आधी डॉक्टर नाडी बघायचा. दोन नामवंत बायका एकाच उबदार खुर्चीवरून भांडल्या आणि दोघींनी मला स्वतंत्रपणे सांगितलं, की दुसरीचे दात नकली आहेत. दोघी खरं बोलत होत्या. मला पुन्हा कपडेपटात घेतलं होतं, त्यामुळे मी तर स्वर्गातच होतो.

मुख्य भूमिका अँब्रोजची. देखणेपण तसंच होतं, आठवण मात्र पार विरलेली. म्हणून त्याच्या डाव्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवलं आणि विंगेतून त्यात ओळी सांगायला एनिडला बोलावलं. तो तिला पाहून म्हणाला, "एनिड, तू अजून आहेस?"

"आहे ना, मिस्टर टिलट्सन. तुमचं वाक्य व्हायचंय अजून."

सगळं सुरळीत चाललं, ते पिक्चरच्या शेवटच्या दृश्यापर्यंत. म्हातारा नट रंगमंचावर एकटा उभा राहतो, टेबलावरच्या किटलीकडे बघतो आणि म्हणतो, "चहा थंड होतोय, या लवकर." संपलं. पोरसुद्धा म्हणेल. खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रेक्षक नंतर कॉम्प्युटरवर भरणार होते.

अँब्रोजने किटलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "टमटिटम."

कोणीतरी हसलं. पुन्हा घेतलं. "टमटिटम." पुन्हा घेतलं. एनिड कानात चहा सांगतेय आणि हा टमटिटम. त्याचं तोंड त्याला न विचारताच बोलत होतं. दिग्दर्शिका टॅम्सिन तरुण होती, वाईट नव्हती. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, मग पिक्चरचा विमा उतरवणाऱ्या माणसाला घेऊन कोपऱ्यात गेली. मी डावा कान तिकडे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जमलं नाही तर भूमिका दुसऱ्या नटाला देऊन सगळं नव्याने चित्रित करायचं, असं ठरत होतं. तसं झालं असतं तर यापुढे अँब्रोजला कोणी दारात उभं केलं नसतं.

त्यालाही ते कळलं होतं. माझ्या कपड्यांच्या खोलीत कोटांच्या मागे जाऊन तो बसला. "पर्सी, मला ओळ येते रे. चहा थंड होतोय. बघ, आली की नाही? पण तिथे उभा राहिलो की समोर खुर्च्या दिसतात."

एनिडने टॅम्सिनला गाठलं. "बाई, खुर्च्या भरा. रिकाम्या थिएटरात त्यांच्या तोंडून शेवटची ओळ निघायची नाही."

"गार्साइडबाई, ही अंधश्रद्धा झाली."

"झाली तर झाली. शिंक काय विचारून येते?"

"एवढी माणसं सकाळपर्यंत आणू कुठून?"

एनिडने माझ्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात तिने माझ्या जिभेची मदत तेवढी एकदाच मागितली. मी तडक मासे-चिप्सच्या दुकानात गेलो, चिप्सवर व्हिनेगर मारता मारता हळूच सांगितलं, की उद्या सकाळी रंगमंचावर अँब्रोज टिलट्सन एनिडशी लग्न लावतोय, पण कुठे बोलू नका.

सकाळी थिएटर खच्चून भरलं. काही बायका लग्नाला घालायच्या ठेवणीतल्या टोप्या घालून आल्या होत्या. एनिड दातओठ खात म्हणाली, "पर्सी, ती बेकरीवाली मला केक कुठाय विचारत होती."

"मग काय सांगितलंस?"

"तू खाल्लास म्हणून."

बाल्कनी तेवढी बंद होती. तिथल्या फळ्या कुजल्या होत्या, दाराला खिळे ठोकले होते. खाली बसलेल्यांत बरेचजण त्या जुन्या प्रयोगाची तिकिटं काढलेले होते. बायको गेलेल्यांनी सवयीने शेजारची खुर्ची सोडली होती. नव्याने आलेलं कोणी तिथे बसायला गेलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी डाव्या विंगेत एनिडच्या मागे उभा होतो. अँब्रोज पुढे आला, त्याने किटलीकडे पाहिलं आणि थांबला. एनिडने त्याच्या मानेकडे पाहिलं. मग यंत्रात स्वच्छ म्हणाली, "चहा थंड होतोय, या लवकर."

तो हलला नाही. आधी त्याची मान वळली, सावकाश, उजवीकडे. लहान मूल हाक ऐकून वळतं तशी. तिकडच्या विंगेत दोरखंड अजिबात न हलता लोंबत होते. त्याने होकारार्थी मान हलवली आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणाला,

"दार लावून घ्या. आता कोणी यायचं राहिलं नाही."

एनिडच्या हाताने माझी बाही धरली. तिने सांगायची गरज नव्हती. तीच ती ओळ, इतकी वर्षं राहिलेली.

मागे, प्रेक्षागृहाची दारं मिटायला लागली. एक मिटलं, मग दुसरं, मग तिसरं. धाडकन नाही, घरात कोणी झोपलेलं असताना लावतात तशी, अलगद. वारा नव्हता. कोणी उठलंही नव्हतं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. पण मी त्या थिएटरात आयुष्य काढलंय, टाळ्या कुठून उठतात ते मला कळतं. पहिली टाळी वरून आली. बाल्कनीतून.

टॅम्सिन डोळे पुसत धावत आली. "सर, कमाल केलीत. पण ही ओळ कुठली? आता एकदा फक्त चहाची घ्या ना." अँब्रोजने चहाची ओळ इतक्या सहज म्हटली, की विम्याचा माणूसही हसला. भूमिका राहिली. पिक्चर पुरा झाला.

कोट उतरवताना अँब्रोज म्हणाला, "एनिड, दिलीस एकदाची ती ओळ. आभारी आहे."

"मी चहाची दिली, मिस्टर टिलट्सन."

त्याने डाव्या कानातलं यंत्र काढून तळहातावर ठेवलं आणि त्याकडे बघत बसला. मग त्याचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला आणि मध्येच थांबला. मी कोट हँगरला लावला.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा मी एनिडकडे चहाला गेलो, हातात गोड पाव घेऊन. दार ढकललं, तर लावलेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दार वाजवायची मला सवयच नव्हती. मी तिथे बावळटासारखा उभा राहिलो, काय म्हणून हाक मारायची ते सुचेना.

"मी आहे गं, पर्सी," कोणीतरी अगदी जवळून हलकेच सांगितलं.

"मी आहे गं, पर्सी," मी म्हणालो.

आतून, पार मागच्या स्वयंपाकघरातून, एनिडचा आवाज आला, "आले, आले." तिच्या सपाता सबंध घर ओलांडून दाराशी आल्या. कडी निघाली. ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझा हात कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं. तो उजव्या कानावर होता.

एनिडने तो हात पाहिला, मग माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"आत ये," ती म्हणाली. "चहा थंड होतोय."

मी आत गेलो. तिने लगेच कडी लावली नाही. हळू चालणारं कोणी आत येईपर्यंत थांबावं, तेवढा वेळ दार धरून उभी राहिली. मग लावली.