साडूचं कपाळ

साडूने डोक्यावर केस लावून घेतले, तेव्हापासून चष्मेवाल्याच्या घशाखाली घास धड उतरेना.

त्याचे स्वतःचे केस तिशीच्या आधीच मागे सरकायला लागले होते. पण तोवर साडूही तसाच होता, म्हणून दुःखाला सोबत होती. सासुरवाडीला दोघे शेजारी बसले की मेव्हणी त्यांना 'आमचे दोन चंद्र' म्हणायची. मग साडू काही दिवस टोपी घालून हिंडला आणि वर्ष सरता सरता कपाळावर दाट झुलपं घेऊन हजर झाला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू कसे कॉलेजातले दिसायला लागले. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण त्यांनी मान वळवून ह्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. ते न बोलणं ह्याला फार झोंबलं.

दुकानात जिकडेतिकडे आरसे. गिऱ्हाईक फ्रेम लावून स्वतःला न्याहाळायचं आणि मागे उभ्या ह्याला आपलंच कपाळ दिसायचं. शेवटी मनाचा हिय्या करून त्याने साडूला डॉक्टरचा पत्ता विचारला.

त्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून डोकं पाहिलं आणि थांबायला सांगितलं. गळती अजून चालूच होती.

"लावायचे केस डोक्याच्या मागून काढतात आणि ते मोजकेच असतात," त्या म्हणाल्या. "आज पुढे लावले आणि मधले गळत राहिले, तर पुढे झालर आणि मागे मैदान. वर्षभर औषध घ्या, मग बघू."

हा तणतणत बाहेर पडला. साडूने मुद्दाम नन्नाचा पाढा वाचणारी बाई गाठून दिली, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्याने परस्पर दुसरा दवाखाना शोधला. तिथे भिंगबिंग काही नाही, थेट शनिवारची तारीख. एवढी घाई कशाला, असं बायकोने विचारलं, तर तिच्यावरच डाफरला.

शनिवार यायच्या आधी साडू दुकानात आला. चष्मा सैल होऊन घसरायचा, म्हणून त्याने तो डोक्यावर चढवला होता. तो काढून घ्यायच्या निमित्ताने ह्याने ते केस अगदी जवळून तपासले. पुढून काही खोट सापडेना. मग चष्मा डोक्यावरून उचलताना बोटं केसांत गेली आणि काळी झाली. झुलपांच्या मागे तळहाताएवढी जागा उघडी पडली होती आणि तिच्यावर रंगाची भुकटी थापलेली होती.

साडूने आरशातून पाहिलं.

"बाईंनी मलाही थांबा म्हटलं होतं," तो म्हणाला. "धीर धरवला नाही, दुसरीकडे करून घेतलं. म्हणून तुम्हाला त्यांच्याकडे पाठवलं. सासूबाईंना तेवढं कळू देऊ नका."

खरं सांगायचं तर चष्मेवाल्याला आधी आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. शेवटचं वाक्य त्याला उशिरा ऐकू आलं. त्याने बोटं पुसली, चष्म्याच्या काड्या वाकवल्या आणि साडू जाताच शनिवारची तारीख रद्द केली.

आपण थांबायचं ठरवलंय, एवढंच त्याने रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बायकोला सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"भावोजी आले होते ना? केस जवळून कसे दिसतात हो?"

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं.

"छान दिसतात," तो म्हणाला आणि कूस बदलून पडला. केसांत तर साडू पुढे गेलाच होता, आता चांगुलपणातही गेला. ही जळजळ पहिलीपेक्षा जास्त होती आणि तिच्यावर बाईंकडेही औषध नव्हतं.