भोंग्याचं तोंड
रेडिओवरची धूळ तापली की भोंग्याच्या मशिनीसारखा करपट वास सुटतो, आणि माझ्या लग्नाचा मांडव आठवून माझं अजून डोकं फिरतं. सत्तरच्या दशकातलं, कनेरगाव नाक्याजवळचं आमचं गाव. बापानं माझ्या हौसेखातर जवळच्याच गोरेगावहून लाऊडस्पीकरवाला आणला आणि बौद्धवाड्यातल्या लिंबाला भोंगा बांधला. आधी भीमगीतं वाजली, मग कव्वाली, मग नरसी गावच्या जत्रेत ऐकून मला फार आवडलेला एक अभंग. तो लागला तसा गावचा पाटील तरातरा मांडवात आला. “आमचा अभंग तुमच्या भोंग्यात काहून वाजून राहिला? फिरवा त्याचं तोंड!” बापानं हात जोडले. मी नवरी, पांढऱ्या साडीत खाली मान घालून दात-ओठ खात होते. आत्या मात्र उठली आणि लाऊडस्पीकरवाल्याला म्हणाली, “फिरव रे, पाटलाच्याच वावराकडं फिरव.” त्यानं भोंगा फिरवला आणि तोच अभंग पुन्हा लावला. पाटलाच्या पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून बांधावर ऐकत बसल्या, आणि पाटील शिव्या देत तिकडं पळाला. आता हिंगोलीत माझी नात विचारते, “आजी, सध्या काय ऐकून राहिलीस?” मी सगळंच ऐकते, तिच्या मोबाइलमधला धिंगाणासुद्धा. अभंग तेवढा खिडकी सताड उघडून लावते, कारण समोर त्याच पाटलाचा नातू राहायला आलाय. काल तो गॅलरीतून म्हणाला, “आजी, जरा मोठ्यानं लावा, छान वाटतं.” मी खिडकी लावून घेतली.